कचरूचं कार्ड

भाग्यश्रीचं लग्न झालं ते साल १९९७. मे महिन्यात, खडकीच्या विहारासमोरच्या मांडवात, भर दुपारी. कोंडीरामची ती एकुलती एक मुलगी. पण बापाचं लक्ष मुलीकडे कमी आणि कचरूकडे जास्त होतं. कचरू सकाळपासून भाजीच्या बादल्या उचलून पंगतीत वाढत होता, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला जड उचलायची बंदी केली होती.

"कचऱ्या, बादली खाली ठेव."

"ठेवतो की. पुतणीचं लग्न काय रोज रोज होतं?"

"इथं पडलास तर उचलायचं कुणी?"

"पंगतीतले चार जण उठतील. तू नको येऊ. तुझ्याच्यानं ही बादलीबी उचलत नाही."

बाया हसल्या. कचरूची बायको चंपा हसली नाही. तिने मुकाट्याने नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि स्वतः वाढायला लागली.

कोंडीराम आणि कचरू सख्खे भाऊ नव्हेत, पण दोघं वाशीमकडचे, एकाच गावचे. पंचविसेक वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या पेटीत दोघांचे कपडे घालून पुण्याला आले आणि कासारवाडीला गिअर बनवणाऱ्या कंपनीत लागले. कचरू लेथवर गेला आणि लेथवरच राहिला. कोंडीराम पुढे खात्याचा मुकादम झाला. हाताखाली चौसष्ट माणसं.

कोंडीरामचं शिक्षण सहीपुरतं. पण त्याची हजेरी सगळ्या कंपनीत गाजलेली होती. सातचा भोंगा झाला की खात्याच्या दारात चौसष्ट जण उभे राहत आणि कोंडीराम हातात कागद न घेता एकेक नाव पुकारी. नुसतं नाव नाही. नावामागे एक प्रश्न असे.

"पोपट! आईच्या डोळ्याची पट्टी सुटली का?"

"सुटली, मामा. आता माझं सगळं वाकडंतिकडं दिसतं तिला."

"कचरू! गोळी?"

"घेतली."

"कुठली?"

"पांढरी."

"आणि पिवळी?"

मग कचरू गप्प. सगळे हसत, आणि कचरू खिशातून पिवळी गोळी काढून सगळ्यांदेखत गिळे.

लोक काय उत्तर देतात याच्याशी कोंडीरामला फारसं कर्तव्य नव्हतं. तो आवाज ऐकायचा. कुणाला ताप आहे, कुणाचं घरी वाजलंय, कुणाची रात्रीची उतरलेली नाही, हे त्याला ओ आली की कळायचं. त्यावर कोण कुठल्या मशीनवर जाणार ते ठरायचं. ज्याचा आवाज पडला असेल तो त्या दिवशी मोठ्या प्रेसवर जात नसे. सोळा वर्षांत त्याच्या खात्यात कुणाचं बोट गेलं नव्हतं. आणि दोनदा नाव पुकारून ओ आली नाही, तर एक माणूस रस्त्याने आणि एक माणूस मागच्या पायवाटेने कासारवाडी स्टेशनपर्यंत बघून यायचा. एकदा पायवाटेवर सायकलवरून पडलेला एक फिटर असा सापडला होता.

ऑगस्टमध्ये खात्यावर नवीन मॅनेजर आल्या. सुनीतीमॅडम. पस्तिशीच्या, कसबा पेठेत वाढलेल्या, इंजिनिअर. पहिल्याच दिवशी हजेरीच्या वेळी त्या खांबाला टेकून घड्याळ बघत उभ्या राहिल्या.

"बारा मिनिटं, मामा," शेवटी त्या म्हणाल्या.

"होय मॅडम. पाऊस असला तर पंधरा होतात."

"का? पावसाळ्यात नावं लांब होतात?"

कोंडीराम ओशाळून हसला. त्यांनी त्याला केबिनमध्ये नेलं आणि खुर्ची दिली. इतक्या वर्षांत केबिनमध्ये त्याला बसायला सांगणाऱ्या त्या पहिल्याच.

"हे बघा मामा, आपला माल आता परदेशी गाडीवाल्यांकडे जातो. त्यांचा ट्रक दारात येतो तो मिनिटावर येतो. आपण उशीर केला तर ते भांडत बसत नाहीत, दुसरीकडे जातात. वरून मला रोज सांगतात, माणसं कमी करा. मला माणसं कमी करायची नाहीत. मला वेळ कमी करायचा आहे. म्हणून गेटवर कार्डाचं मशीन येतंय. हजेरी मशीन घेईल."

"आणि मी?"

"तुम्ही आता मुकादम नाही, टीम लीडर. ही वाचलेली बारा मिनिटं तुमची. शॉपमध्ये, म्हणजे आपल्या खात्यात, फिरा. प्रत्येकाच्या मशीनपाशी जा, त्याच्याशी बोला, जे दारात विचारता ते तिथं विचारा. मोजायचं काम मशीनचं, बघायचं तुमचं. कळलं?"

"कळलं, मॅडम."

पण त्याला अर्धंच कळलं होतं. किंवा अर्धंच ऐकायचं होतं. घरी आल्यावर तो यमुनाबाईला म्हणाला, "मी आता टीम लीडर झालो."

"म्हणजे काय करायचं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. सगळं मशीन करतं."

गणपती झाल्यावर मशीन आलं. लोक कार्डं घरी विसरतात म्हणून ती गेटवरच एका फळीला, नंबराच्या खिळ्यांना टांगलेली असत. आपलं कार्ड काढायचं, मशीनच्या फटीतून ओढायचं, पुन्हा अडकवायचं. आत टाइम ऑफिसात नंदा नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसे. तिला कोण किती वाजून किती मिनिटांनी आला ते दिसे. मागचं फाटक बंद झालं, सगळ्यांनी हमरस्त्याने पुढच्या गेटवर यायचं. मागच्या पायवाटेवर गवत माजलं.

खरं सांगायचं तर लोकांना कार्ड आवडलं, आणि कोंडीरामला ते फार लागलं. पोपट तर तोंडावर म्हणाला, "बरं झालं मामा. आता माझी आई कशी आहे ते माझं मलाच माहीत." म्हटलं थट्टेत, सगळे हसले, कोंडीरामही हसला. पण सातचा भोंगा झाला की त्याचे पाय शॉपकडे वळेनात. तो कॅन्टीनला जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर चहा घेत बसे. बारा मिनिटं झाली की उठे. यांना नको तर मलाही नको, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मॅडम सकाळी फोनवर असत. तो फिरतो की नाही, हे कुणी बघितलं नाही.

नोव्हेंबरात बातमी फुटली की स्वेच्छानिवृत्तीची यादी होतेय. नावाला स्वेच्छा, ज्याचं नाव लागेल त्याला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे करायचे. यादीत कोण जाणार, तर ज्यांचे लेटमार्क जास्त. महिन्यात तिसरा लेटमार्क पडला की नाव वर.

कचरूची चार वर्षं उरली होती. त्याची पायल कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती, दुसऱ्या वर्षाला होती. "पोरगी खुर्चीवर बसली की मी उठतो लेथवरून," असं तो म्हणायचा. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच त्याचे दोन लेटमार्क पडले, कारण त्याला आता भराभर चालवत नव्हतं. हमरस्त्याचा चढ झेपत नाही म्हणून तो एकटाच गवतातून मागच्या पायवाटेने यायचा, भिंतीच्या कडेकडेने, थांबत थांबत.

अकरा तारखेला, गुरुवारी, सातला दोन मिनिटं कमी असताना कोंडीराम गेटवर पोचला तर कचरूचं कार्ड फळीवरच होतं. त्याने स्वतःचं ओढलं. मग इकडेतिकडे बघून कचरूचं ओढलं. गेटवरचे सर्जेराव वॉचमन आकाशाकडे बघत म्हणाले, "आज थंडी आहे, नाही मामा?"

दहा मिनिटांनी कचरू धापा टाकत आला. त्याला कळलं तेव्हा तो लेथ पुसता पुसता हसला.

"चोरी कधीपासून शिकलास रे?"

"आजपासून."

"सोळा वर्षं गैरहजर माणसाला हजर म्हटलं नाहीस तू. सख्ख्या साडूची रजा मांडली होतीस."

"तेव्हा माझी हजेरी होती. आता मशीनची आहे. मशीनशी कसलं आलंय इमान?"

कचरूने मान हलवली. तो खूश झाला की नाही, हे कोंडीरामला कळलं नाही.

पंधरा तारखेला, सोमवारी, पुन्हा तेच झालं. सहा अठ्ठावन्न, आणि कार्ड फळीवर. त्या दिवशी कोंडीरामला घाई होती. टीम लीडरांचं दिवसभराचं ट्रेनिंग होतं, वरच्या हॉलमध्ये. त्याने दोन्ही कार्डं ओढली आणि जिना चढून गेला.

ट्रेनिंग देणारा एक टाय लावलेला तरुण होता, आनंद सर. गोड बोलायचा. त्याने आधी सगळ्यांना गोलात बसवलं, मग डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या आधाराने चालायला लावलं. साठीला आलेले लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत हॉलभर फिरले, हसून हसून बेजार झाले. चहानंतर तो म्हणाला, "लीडर म्हणजे काय? ज्याला आपली माणसं माहीत आहेत तो. आपल्या टीममधल्या सगळ्यांची नावं न बघता कोण सांगेल?"

कुणी पंधरा सांगितली, कुणी वीस. मग मागून सुनीतीमॅडम म्हणाल्या, "कोंडीराममामा, उठा."

कोंडीराम उठला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने नावं पुकारली. एकही न अडखळता, पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत. कचरूचं नाव सत्ताविसावं होतं, तेही घेतलं. चौसष्ट पूर्ण झाली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आनंद सरांनी त्याला पुढे बोलावून हात मिळवला. मॅडमच्या चेहऱ्यावर अभिमान होता. कोंडीरामची छाती भरून आली. तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते.

अकराला नंदा दार ढकलून आत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, मागच्या भिंतीला गवत कापणारी बाई आलीय. म्हणते, तुमचा माणूस पडलाय तिथं. सर्जेरावकाका बघून आले. म्हणतात, कचरूकाका आहेत. पण मॅडम, ते कसे असतील? कचरूकाका आत आहेत. सहा अठ्ठावन्नला आलेत."

कोंडीराम जिन्यावरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. कचरू सुबाभळीखाली भिंतीला टेकून बसल्यासारखा होता, मान एका खांद्यावर गेलेली. डबा मांडीवर होता. नेहमीच्याच लोकलने आला होता, वेळेवर आला होता. गेट तिथून दोनशे पावलं. श्वास चालू होता. डोळे उघडे होते आणि ते कुणाला ओळखत नव्हते.

कंपनीच्या जीपने दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "किती वाजल्यापासून असा होता?" कुणालाच सांगता येईना. ते म्हणाले, "सात-साडेसातला आणला असता तर मी काहीतरी करू शकलो असतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीत दोनच गोष्टी चालल्या होत्या. एक, कचरू अजून शुद्धीवर नाही. दुसरी, कॅन्टीनमध्ये, दबक्या आवाजात: कार्ड ओढून बाहेर गेला होता म्हणे. सकाळी सकाळी कशाला जातो माणूस गवतात? प्यायला. दुसरं काय? पर्सोनेलच्या माणसाने फाइल उघडली: कामाच्या वेळेत परवानगीशिवाय बाहेर. कॉम्प्युटरच तसं सांगत होता.

"पंचवीस वर्षांत त्याने थेंब घेतला नाही," कोंडीराम पोपटवर ओरडला.

"मी कुठं म्हणतोय, मामा?" पोपट म्हणाला. "कॉम्प्युटर म्हणतोय. मग तुम्हीच सांगा, आत आलेला माणूस बाहेर कसा गेला?"

कोंडीराम तिथून निघाला. त्याला माहीत होतं की बोललं तर नोकरी गेली. दुसऱ्याचं कार्ड ओढणाऱ्याला त्याच दिवशी निलंबित करून पुढे कामावरून काढायचं, हा मॅडमचाच नियम गेटवर लावला होता. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सर्जेराव बोलणार नव्हते. कचरू बोलू शकत नव्हता. फक्त कचरू जन्मभराचा दारुडा ठरणार होता, कामावरून पळालेला.

तासभर तो कॅन्टीनच्या त्याच बाकावर बसून राहिला. मग केबिनमध्ये गेला. या वेळी बसला नाही.

"मॅडम, कचरूचं कार्ड मी ओढलं. तो आत आलाच नव्हता. फाइलीत तसं लिहा."

सुनीतीमॅडमनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि सात वाजता शॉपमध्ये फिरताना तो मशीनवर नाही, हे तुम्हाला दिसलं असतं. काल ट्रेनिंग होतं. एरवी तुम्ही फिरत होता ना?"

"नाही मॅडम. एक दिवसही नाही. मी कॅन्टीनला बसायचो."

"का?"

"राग आला होता."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुम्हाला फिरायला सांगितलं आणि माझं काम झालं असं धरून चालले," त्या म्हणाल्या. "तीन महिने. एकदा खाली येऊन बघितलं असतं तरी कळलं असतं. मी रोज सकाळी स्क्रीनवर हजेरी बघत होते. शंभर टक्के दिसली की बरं वाटायचं." त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा राहिला नाही. "मामा, मला तुम्हाला निलंबित करावं लागेल."

"करा की. नियम आहे."

"त्याच कागदावर मी माझीही चूक लिहिणार आहे. त्याने तुमचं काही कमी होणार नाही. पण लिहिणार आहे."

आणि त्यांनी लिहिलं. शिवाय गेटवर दोन ओळींची नोटीस लागली: कचरू सोमवारी आत आला नव्हता, तो वेळेवर येत असताना वाटेत आजारी पडला. खाली सही सुनीतीमॅडमची. पोपटने ती नोटीस उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि कुणाशी न बोलता मशीनवर गेला.

संध्याकाळी कोंडीराम दवाखान्यात गेला. चंपा बाहेरच्या बाकावर बसली होती. पायल आत होती.

"भाऊजी," चंपा म्हणाली, "लोक म्हणतात हे कामावरून बाहेर गेले होते. कुठं गेले होते हो? तुम्हाला सांगून गेले असतील ना?"

"कुठं गेला नव्हता, वहिनी. तो आत आलाच नाही. त्याचा लेटमार्क पडू नये म्हणून कार्ड मी ओढलं. मॅडमना तसं सांगितलंय, गेटवर नोटीसही लागलीय."

तिला समजायला वेळ लागला. मग ती हळूहळू बोलायला लागली, जसं काही स्वतःलाच सांगत होती.

"पहाटेपासून हात दुखतो म्हणत होते. मी म्हटलं, नका जाऊ. म्हणाले, रजा मांडली तर यादीत नाव जाईल. माझा जीव राहीना म्हणून आठला बूथवरून कंपनीत फोन केला. ती पोरगी म्हणाली, आलेत की काकू, सहा अठ्ठावन्नलाच आलेत. मला एवढं बरं वाटलं, भाऊजी. मी फोन ठेवला, घरी आले अन् पोहे केले. गरम गरम खाल्ले."

दवाखान्यातली माणसं ये-जा करत होती.

"कुणी नुसतं म्हटलं असतं, नाही आले अजून," ती म्हणाली, "तर मी चालत गेले असते स्टेशनापासून. ती पायवाट मला माहीत हाय. मीच दाखवली होती त्यांना."

"वहिनी..."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं. ते कळतं मला. अन् लोकांच्या तोंडाला बंद घातला, तेबी कळतं." तिने पदराने तोंड पुसलं. "पण आता इथं बसू नका, भाऊजी. मला तुमच्याकडं बघवत नाही."

तो उठला. आत जाऊन कचरूला एकदा बघावं असं त्याच्या फार मनात होतं. पण दार तिच्या पाठीमागे होतं आणि ती बाजूला झाली नाही. मग तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या बंद गाड्याला टेकून उभा राहिला. पायल दोनदा बाहेर येऊन औषधाच्या दुकानात जाऊन आली. दुसऱ्यांदा तिने त्याला पाहिलं, आणि काका म्हणून हाक न मारता आत गेली.

यमुनाबाई त्याला न्यायला आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आत सोडत नाहीत."

कचरू शुद्धीवर आला नाही. तो बुधवारी, १७ डिसेंबर १९९७ रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता गेला. चोपन्न वर्षांचा होता.